नोंदीत नसलेला व्हॉल्व्ह

शनिवारी सकाळी, रात्रपाळी अंगावर तशीच घेऊन
मी वर्गात बसते. आंतोफागास्ता.
एका खिडकीत समुद्र, दुसरीत डोंगर,
इतका कोरडा की गवताच्या काडीनंही कधी त्याचं दार वाजवलं नसेल.
वय एक्केचाळीस. बुटांना ग्रीस.
पुढच्या बाकावरची मुलं माझ्या मुलाच्या वयाची.

इर्मा गोदोय बाई फळ्यावर रेघ काढतात:
आधी उतरणारी, मग लांबच लांब सपाट,
मग पुन्हा चढणारी.
"हा बाथटब. यंत्रं तान्हेपणी मरतात, नाहीतर म्हातारपणी.
मधली वर्षं निभावून नेतात."
मागून खाणीतला नेल्सन विचारतो,
"बाई, इथे बाथटब पाहिलाय कुणी?"
वर्ग हसतो. मीही.
आमच्या वस्तीत पाणी टँकरनं यायचं, मंगळवारी, दोन पिंपं.
त्यात आधी आम्ही भावंडं, मग कपडे, मग फरशी,
आणि उरलंच तर कुत्रा.
वस्तूचं आयुष्य कसं ताणायचं
हे मला विद्यापीठानं शिकवायला नको होतं.

कॉफीनंतर बाई तीच रेघ पुसतात.
"आता खरं सांगते. बहुतेक यंत्रं अशी मरत नाहीत.
कधीही मरतात."
मी लिहून घेतलं. खाली दोनदा रेघ मारली.

पहिला स्वाध्याय: तुमच्या मालमत्तेची यादी तपासा.
समुद्राचं मीठ काढून शहराला पाणी पाजणारा आमचा प्लांट,
संगणकात चार हजार दोनशे अकरा नोंदी.
टॉर्च आणि खडू घेऊन आठ रात्री हिंडले.

पी-१०७ हा पंप कागदावर ठणठणीत होता.
दर तिमाहीला त्याचं तेल बदललं जात होतं,
सहीनिशी.
त्याच्या जागी सिमेंटचा चौथरा, चार गंजके बोल्ट,
आणि कुणीतरी आणून ठेवलेली टोमॅटोची कुंडी.
कुंडीची नोंद केली नाही.
पाणी मात्र घातलं.

आणि तिसऱ्या गाळणीमागे, रांगत पोचावं अशा जागी
एक व्हॉल्व्ह भेटला.
ना नंबर, ना पाटी.
पण स्पिंडलला ग्रीस. मार्चमधलं असावं.

मार्चमध्ये फ्रोइलान किस्पे निवृत्त झाला, आमचा तेलवाला.
बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा,
मूठ कानाशी, डोळे मिटलेले,
जणू आतून कुणी चहाडी सांगतंय.
आता तिथे सेन्सर आहे. चांगला आहे,
खोटं कशाला बोलू.

फोन केला. मागे कोंबड्या.
"तो होय! तो जाम झाला तर उत्तरेच्या टाक्यांत खारं शिरेल.
दर सोमवारी अर्धा फेरा द्यायचो, मोकळा राहावा म्हणून."
"हे लिहिलंय कुठे?"
थोडा वेळ नुसत्या कोंबड्या.
"विचारलंच नाही गं कुणी."

बाई सांगतात: खर्च, जोखीम, कामगिरी,
या तिघांचा तोल सांभाळणं म्हणजे व्यवस्थापन.
बरोबर आहे. परीक्षेत तेच लिहीन.
पण एक माणूस चोवीस वर्षं
सोमवारी गुडघे टेकत होता,
तो खर्च कुठल्या रकान्यात टाकू?

एक नोंद खोडली. एक वाढवली.
एकूण: चार हजार दोनशे अकरा.
समासात बाईंनी लाल शाईत विचारलं,
"मग आठ रात्रींत बदललं काय?"

उत्तर अजून दिलेलं नाही.
सोमवारी पहाटे, समुद्रावरून धुकं वर चढताना,
गाळणीमागे रांगत गेले.
अर्धा फेरा उजवीकडे. अर्धा मागे.
कोपराला खरचटलं.
शहर उठलं, नळ सुटले, कुणीतरी दात घासले,
कुणीतरी पाणी वाहतं ठेवून फोनवर बोलत राहिलं.

काही झालं नाही.